'फेडरल' म्हणजे केंद्रीय का? आणि जकात, शुल्क, आकार, अधिभार

विचारणा

नमस्कार मंडळी. कॅनडा-अमेरिका व्यापारभांडणावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'फेडरल गव्हर्नमेंट' आलं की सवयीने 'केंद्र सरकार' लिहीत गेलो, पण प्रांत विरुद्ध ऑटावा (कॅनडाची राजधानी, म्हणजे तिथलं फेडरल सरकार) हा भाग आला आणि वाक्यं पटेनाशी झाली. शिवाय टॅरिफला जकात म्हणावं की आयातशुल्क?

उत्तर

इथे 'केंद्र' नको. आपल्याकडे तो शब्द चालतो, कारण आपली घटनाही बरीचशी केंद्राकडे झुकलेली आहे. परराष्ट्राशी केलेला करार अंमलात आणायचा असेल, तर कलम २५३ नुसार संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. कॅनडात उलट आहे. १९३७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हा कॅनडाचं शेवटचं अपील तिथे जायचं) निकाल दिला की ऑटावाने करारावर सही केली तरी विषय प्रांताच्या अखत्यारीतला असेल, तर त्यासाठीचा कायदा प्रांतानेच करायचा. असल्या सरकारला 'केंद्र' म्हटलं की वाचक गृहीत धरतो, वरून आदेश सुटला की खाली काम झालं.

कॅनडा-अमेरिकेतला लाकडाचा वाद घ्या. १९८२ पासून तो धुमसतोय. कॅनडातली बरीचशी जंगलं सरकारी, पण ती प्रांत सरकारांची. ब्रिटिश कोलंबियासारखा प्रांत उभ्या झाडांचे पैसे कंपन्यांकडून घेतो. ते पैसे फार कमी आहेत, म्हणजे ही छुपी सवलतच, असं अमेरिकेतल्या लाकूड व्यावसायिकांचं म्हणणं. आता वाटाघाटीला बसणार ऑटावा आणि झाडांचा दर ठरवणार प्रांत. हे वाक्य 'केंद्राने दर वाढवावेत, अशी अमेरिकेची मागणी' असं केलंत, तर सगळा घोटाळा.

म्हणून 'संघ सरकार' लिहा, विशेषण हवं तिथे 'संघीय'. 'संघराज्य' मात्र सरकारासाठी वापरू नका, तो अख्ख्या देशाचा शब्द. (तमिळनाडूत २०२१ पासून सरकारी भाषेत 'मत्तिय अरसु' जाऊन 'ओन्रिय अरसु' आलं, म्हणजे मध्यवर्ती ऐवजी संघ. तिथे त्यावर चांगलंच राजकारण रंगलं. आपल्याकडे अजून कुणाला ही खाज सुटलेली नाही.)

जाता जाता: प्रांताच्या 'प्रीमियर'ला मुख्यमंत्री म्हणा. एका बातमीत 'ओंटारियोचे पंतप्रधान' वाचून हसावं की रडावं कळेना. अमेरिकेतल्या 'गव्हर्नर'ला राज्यपाल करू नका, तो निवडून आलेला असतो.

दुसरं उत्तर

जकातीबद्दल. माझं मत आयातशुल्काला. जकात शब्द जुना आणि गोड आहे, आणि परक्या मालावरच्या करासाठी तो वापरलाही गेलाय. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातून, येणाऱ्या स्वस्त मिठामुळे कोकणातलं मीठ बुडेल म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ साली त्यावर जबर जकात बसवायला कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं. आजच्या भाषेत हे शुद्ध संरक्षक शुल्क. पण आज मुंबईकराला जकात म्हटलं की मुलुंडचा नाका आणि ट्रकांची रांग आठवते, तीही महापालिकेची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती गेली. तेव्हा देशाच्या सीमेवरच्या कराला हा शब्द लावला, तर वाचक दहिसरला जाऊन अडकेल.

विचारणा करणारा

आभार दोघांचेही. पण ओंटारियोने विजेवर लावलं ते काय? निर्यातशुल्क लिहू का?

उत्तर

नको, सीमाशुल्क हा प्रांताचा प्रांतच नव्हे. मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी १० मार्च २०२५ ला मिनेसोटा, मिशिगन आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के 'सरचार्ज' जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित केला. स्वतःचं महावितरणचं बिल काढून बघा. त्यात 'स्थिर आकार', 'वहन आकार' वेगळे आणि 'वीज शुल्क' वेगळं. आकार वीज देणारा घेतो, शुल्क सरकारचा कर. ओंटारियोची मागणी विजेच्या दरावर चढवलेली होती, म्हणून 'अधिभार' किंवा 'जादा आकार'.

दारूचं प्रकरण आणखी निराळं. त्याच महिन्यात ओंटारियोच्या सरकारी मद्य मंडळाने अमेरिकन बाटल्या फडताळांवरून उतरवल्या. यात कर कुठेच नाही. प्रांतात दारूचा घाऊक व्यापार त्या मंडळाकडे, त्यामुळे त्याने खरेदी थांबवली की झालं. याला आयातबंदी लिहिलंत तर चूक, कारण तो अधिकार ऑटावाचा. 'खरेदीबंदी' लिहा.

आणखी एक

'मुक्त' शब्दही जपून वापरा. कॅनडाच्या १८६७ च्या घटना-कायद्यात एका प्रांताचा माल दुसऱ्यात 'फ्री' येऊ द्यावा, असं कलम १२१ मध्ये आहे. न्यू ब्रन्सविकमधल्या एका निवृत्त गृहस्थाने क्यूबेकमधून स्वस्त बिअर आणली, त्याला २९२.५० डॉलर दंड झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. २०१८ साली निकाल आला की या 'फ्री'चा अर्थ अडथळाविरहित व्यापार असा नाही. प्रांतांमधला व्यापार अडवणं हाच ज्या कायद्याचा मूळ हेतू, तेवढाच बाद. दारूवर देखरेख ठेवताना ओघाने अडथळा आला, तर चालेल. म्हणजे तिथे 'मुक्तपणे' लिहिलंत तर कायद्याहून जास्त दिल्यासारखं होईल. मी 'शुल्क न लावता' लिहिलं असतं.