डेस्कटॉपवर वायफाय दिसते, पण नेट चालत नाही

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): विंडोज १०, यूएसबी वायफाय अडॅप्टर. मोबाइलवर नेट बरोबर आहे. पीसीवर ‘नो इंटरनेट’ येते, कूलर लावल्यापासून जास्तच. काय पाहू?

उत्तर १: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पीसीचा पत्ता) मिळालेलाच नाही. तिथेच ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ (पत्ता सोडा), मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (नवा पत्ता मागा) करा. पत्ता १९२.१६८ चा असेल तर ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येते का ते पाहा. उत्तर येते पण साइट उघडत नाही, म्हणजे घोळ डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा). विंडोज पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका.

उत्तर २: कूलर राउटर आणि पीसीच्या मधात आहे का? पत्र्याची बॉडी, भरलेली टाकी, ओली खस, सगळेच सिग्नल अडवते. राउटर कूलरच्या वर, भिंतीवर उंच लावा. अडॅप्टर मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात असेल तर काढा. त्या पोर्टाचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच लहरींवर येतो. एक मीटरची एक्स्टेंशन केबल घेऊन यूएसबी २ मध्ये लावा.

प्रश्नकर्ता: १६९.२५४ च आहे भाऊ. कूलरही मधातच.

उत्तर २: मग आधी जागा बदला, रिन्यू नंतर.