मदत हवी आहे: सिग्नल भरपूर, तरी व्हिडिओ कॉल अडकतो

मंडळी, वाय-फाय राउटर हॉलमध्ये आहे. आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ बँडवर सिग्नल उणे ५५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), म्हणजे उत्तमच. तरी संध्याकाळी कॉल अडकतो. लॅन केबलवर वेग पूर्ण मिळतो, म्हणजे लाइन ठीक आहे. आसपासची वाय-फाय नेटवर्क दाखवणाऱ्या ॲनालायझर ॲपमध्ये १, ६, ११ हे एकमेकांवर न येणारे तिन्ही चॅनेल (बँडमधले पट्टे) शेजाऱ्यांनी भरलेत. त्यात एक राउटर ३ वर, तो १ आणि ६ दोन्हींना नडतो. माझ्या चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली, थोडाच फरक पडला.

५ गिगाहर्ट्झला (चॅनेल ३६, रुंदी ८०) त्याच जागी उणे ७८, म्हणजे कमकुवत. मध्ये विटांच्या दोन भिंती. चॅनेल १४९ वर नेल्यास राउटर जास्त पॉवर देतो का? की सरळ केबल ओढून आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून तिथेच वाय-फाय देणारा डबा) बसवावा? वायरलेस मेशचा (एकमेकांशी वाय-फायनेच जोडलेल्या डब्यांचा) दुवाही त्याच भिंतींतून जाणार, म्हणून तो पर्याय पटत नाही.