पावसाळी मावळ रंगीत काढावा की कृष्णधवल?

घाटमाथा
गेल्या रविवारी पहाटे पवनेच्या उत्तर काठावर तीन तास बसलो होतो. डावीकडे तिकोना, उजवीकडे तुंगचं टोक, मध्ये शिशाच्या रंगाचं पाणी. सगळं आभाळ भरलेलं. साडेसातच्या सुमाराला ढग जरा फाटला आणि उन्हाची एक तिरीप तुंगच्या अंगावरून सरकत पाण्यापर्यंत आली. फार तर मिनिटभर टिकली असेल.

घरी येऊन फोटो उघडला तर नुसतं हिरवंगार. तिरीप शोधावी लागत होती. रंग काढून टाकले आणि सकाळी दिसलं होतं ते समोर आलं: काळा कडा, त्यावर उजेडाचा पट्टा, खाली पाण्यात त्याचीच पुसट रेघ.

म्हणून ठामपणे सांगतो, पावसाळ्यातले डोंगर आणि तळी कृष्णधवलच काढावीत. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. कडा, मग पदर, मग पुन्हा कडा, अशी त्याची चढण. रंगीत फोटोत या थरांवर हिरवी चादर पडते. त्यात हल्ली सगळे हिरवा इतका वाढवतात की भातखाचर, कारवी आणि शेवाळ एकाच डब्यातून ओतल्यासारखी दिसतात.

कातरवेळ
अजिबात पटलं नाही. हिरवा वाढवणाऱ्यांवरचा राग तुम्ही रंगावर काढताय.

श्रावणातलं भातखाचर पोपटी असतं, कारवीचं रान काळपट हिरवं, कातळावरचं शेवाळ जवळपास पिवळं. रंग सांभाळून काढला तर ही तिन्ही वेगळी दिसतात. तुमच्या कृष्णधवल फोटोत हे तीन हिरवे तीन राखाडी होतात, आणि पुष्कळदा एकच राखाडी होतो.

दुसरं म्हणजे, बदलता प्रकाश नुसता कमी-जास्त होत नाही, त्याचा रंगही बदलतो. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना जास्त हवा ओलांडावी लागते, निळा वाटेत विखुरतो आणि तांबडा-केशरी आपल्यापर्यंत पोचतो. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांत तेच पाणी जांभळट निळं होतं. खडकवासल्याच्या चौपाटीवर मी वर्षानुवर्षं संध्याकाळी उभा राहतो तो या वीस मिनिटांसाठी. रंग काढून टाकले तर साडेसहाचा फोटो आणि सातचा फोटो यांत एक जास्त अंधारा, एवढाच फरक उरेल. वेळ कुठे गेली?

घाटमाथा
खडकवासल्याची संध्याकाळ तुमची. पण ती बहुतेक ऑक्टोबरनंतरची असणार. मी जुलै-ऑगस्टबद्दल बोलतोय, तेव्हा सूर्यास्त दिसतोच किती वेळा? त्या दिवसांत प्रकाश बदलतो तो कुठून येतो आणि किती येतो यात, रंगात फारसा नाही. ढग सरकतो, एक सोंड उजळते, दुसरी विझते. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1927 साली योसेमिटीचा हाफ डोम नावाचा कडा कृष्णधवल काढला तेव्हा भिंगावर आधी पिवळा फिल्टर, म्हणजे रंगीत काच, लावला, मग गडद लाल. लाल फिल्टरने निळं आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा पुढे आला. त्याला त्या दगडापुढे जे वाटलं ते फोटोत उतरलं, रंगाशिवाय.

कातरवेळ
तोच अ‍ॅडम्स पुढे कोडॅकसाठी रंगीतही काढत होता, तेही सांगा.

तिपाई
दोघांच्या मध्ये पडतो, कारण एक गोष्ट चुकीची पसरायला नको. लाल फिल्टर काम करतो ते निळ्या आभाळावर. आपल्या पावसाळी करड्या ढगात निळा नसतोच, त्यामुळे तिथे लाल फिल्टर लावून आभाळ नाट्यमय होणार नाही. शिवाय झाडी गडद होऊन कातळात मिसळेल. नवीन मुलं हे वाचून फिल्टर विकत घेतात आणि हिरमुसतात.

त्यापेक्षा रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, रंगीत काढा आणि घरी रूपांतर करताना एकेक रंग हाताळा. भाताच्या हिरव्यात पिवळा पुष्कळ असतो. पिवळा उजळवून हिरवा किंचित खाली आणला की खाचरं उजळतात, रान मागे राहतं. कातरवेळ यांची तीन राखाडींची तक्रार इथे बरीचशी मिटते. कॅमेऱ्यातच कृष्णधवल जेपेग (तयार, दाबलेली फाइल) काढलात तर त्यात रंगांची माहिती उरत नाही आणि ही वाट बंद होते.

पाण्याबद्दलही थोडं. प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी थोडं गडद असतं. एडिट करताना ते आभाळाइतकं उजळवू नका, डोळ्याला लगेच खोटं वाटतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर, पूर्ण फिरवला तर प्रतिबिंबच पुसलं जातं. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून बघताना हा परिणाम सगळ्यात जास्त. तळ्यावर मी तो अर्ध्यावर थांबवतो.

आणि डिसेंबरात सिंहगडावरून राजगड-तोरण्याकडे बघताना धुरकट हवेला शिव्या देऊ नका. फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा, म्हणजे रंगथरांचा, असतो; कृष्णधवल करताना निळा चॅनेल धुरकटपणा वाढवतो, लाल कमी करतो. मी मुद्दाम निळा ठेवतो. मग एकामागची एक रांग फिकट होत जाते आणि अंतर कळतं. माझं मत विचाराल तर कृष्णधवलचा खरा महिना डिसेंबर, ऑगस्ट नव्हे.

भिगवणवारी
रोहित पक्षी कृष्णधवल काढून दाखवा कुणीतरी. उजनीवर हिवाळ्यात त्याचा गुलाबी रंग काढून टाकला तर उरतात नुसते उंच पायांचे पक्षी.

मुळशीची लेक
मी फोटोग्राफर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या आजीचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला ते हेच धरण. पाणी अडलं मावळात आणि वीज करायला उतरतं कोकणात, भिऱ्याला.

मे महिन्यात पाणी खाली जातं आणि काठाला तांबड्या मातीचा भलामोठा उघडा पट्टा दिसतो. आजी त्या पट्ट्याकडे बोट दाखवायची, इथे खळं होतं, इथे वाट होती. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात मुळशीचा मे महिन्यातला कृष्णधवल फोटो बघितला. अतिशय सुंदर होता. पण तो पट्टा त्यात समुद्राच्या वाळूसारखा पांढराशुभ्र दिसत होता. शेजारी उभं असलेलं जोडपं म्हणालं, काय छान बीच आहे. मला तिथे थांबवलं नाही.

घाटमाथा दादा, तुम्ही म्हणता रंग काढले की खरं दिसतं. आमची माती मात्र रंगाबरोबरच गेली.

तिपाई
ताई, तो पट्टा पांढरा झाला कारण रूपांतरात लाल-नारिंगी उजळवला असणार. लाल खाली आणला तर तीच माती गडद येते. म्हणजे दोष करणाऱ्याचा, माध्यमाचा नाही.

मुळशीची लेक
दादा, गडद केलीत तर ती ओली चिखलट जमीन वाटेल, किंवा कातळ. बघणाऱ्याला ही नांगरलेली माती होती हे कशावरून कळणार?

कातरवेळ
हेच मी वेळेबद्दल म्हणत होतो, ताईंनी जागेबद्दल म्हटलं.

घाटमाथा
ताई, मुळशीचे मे महिन्यातले चार फोटो माझ्याकडेही आहेत, चारही कृष्णधवल. तुमचं वाचल्यावर काढून पाहिले. दोनांत पट्टा पांढरा आहे, आणि मी तो मुद्दाम उजळवला होता, पाण्याची कड उठून दिसावी म्हणून. त्याखाली काय होतं हे मला माहीत होतं, तरी उजळवला. रॉ फाइल ठेवलेल्या आहेत, आज रात्री रंगीत करायला घेतो.

ऑगस्टच्या पवनेबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुंगवरची ती तिरीप कृष्णधवलच राहील.