खाजगी पार्किंगवाल्यांचा काउंटी कोर्टाचा दावा: भरून मोकळं व्हायचं की लढायचं?

रेडिंगकर
२०२३ च्या नोव्हेंबरात बायको मुलीला घेऊन दिवाळीच्या कार्यक्रमाला गेली. हॉलशेजारच्या दुकानांच्या आवारात तिने गाडी लावली. तिथे २ तास फुकट होते, ती २ तास ४१ मिनिटांनी निघाली. गाडी माझ्या नावावर आहे. एकोणिसाव्या दिवशी मला नोटीस आली: १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. मी भरले नाहीत. मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली, त्यांत ७० पौंड वाढलेले. पुढच्या वर्षी नॉर्दम्प्टनहून काउंटी कोर्टाचा, म्हणजे इथल्या दिवाणी कोर्टाचा, दावाच दारात. व्याज, ३५ पौंड कोर्टाची फी आणि ५० पौंड वकिलाचे धरून आकडा अडीचशेच्या वर गेला.

मी बचाव दाखल केला. सुनावणीची तारीख लागली आणि सुनावणीची फी भरायची वेळ आली तेव्हा कंपनीने दावा मागे घेतला.

मंडळातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, "साठ पौंडांसाठी एवढा व्याप कशाला?" मला हे पटत नाही. २०१२ पर्यंत हे लोक खाजगी जागेवर गाडीच्या चाकाला क्लॅम्प लावून रोख पैसे उकळत. त्या वर्षीच्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये ते १ ऑक्टोबरपासून बंद केलं. बदल्यात कंपन्यांना एक नवा हक्क मिळाला: चालक कोण ते कळलं नाही तर नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागायचा. पण अटींवर. काचेवर नोटीस लावली नसेल, नुसता कॅमेरा असेल, तर मालकाच्या हातात नोटीस १४ दिवसांत पडायला हवी. हक्क हवा तर अट पाळा. मी एवढंच म्हणालो.

लेस्टरकर
माझं दुकान आहे. समोर ग्राहकांसाठी ९ जागा. स्टेशन जवळ असल्याने सकाळी सातलाच त्या भरायच्या आणि गाड्या संध्याकाळी हलायच्या. म्हाताऱ्या गिऱ्हाईक बायका पिशव्या घेऊन पावसात लांबून चालत यायच्या, मग यायच्याच बंद झाल्या. पार्किंग कंपनी नेमली तेव्हा कुठे जागा मोकळ्या झाल्या. दंडाचा धाक नसेल तर पाटी कोण वाचतो?

सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात हेच मानलं. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कात २ तास फुकट, गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली, ८५ पौंड आकारले. सातपैकी सहा न्यायाधीश म्हणाले, हे योग्य आहे, जागा फिरती ठेवण्यात मालकाचं रास्त हित आहे. दादा, ४१ मिनिटं जास्त झाली हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही सुटलात ते पत्र पाच दिवस उशिरा आलं म्हणून.

रेडिंगकर
तुमच्या ९ जागांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. पण बीव्हिसचा निकाल अर्धाच सांगू नका. तिथे पाट्या मोठ्या, ठळक आणि जागोजागी होत्या, म्हणून करार झाला असं कोर्टाने धरलं. आमच्याकडे नोव्हेंबरातल्या संध्याकाळी, दिवा नसलेल्या खांबावर पाटी होती. मी त्याच वेळेला जाऊन फोटो काढले. आणि ते ७० पौंड कुठून आले? मालकाकडून मागता येईल ती कमाल रक्कम नोटिशीत लिहिलेली, असं तोच २०१२ चा कायदा सांगतो. ८५ पौंड मान्य झाले तेव्हा ती व्यवस्था चालवायचा खर्च त्यातूनच निघतो हे कोर्टासमोर होतं. मग वसुलीचे वेगळे कशाचे?

हॅरोची मावशी
मला त्रास होतोय तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी कोण चालवत होतं ते तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाही? घरातल्या मुलांना आपण काय शिकवतो, चूक झाली तर पुढे होऊन कबूल कर. माझ्या मुलाला गेल्या वर्षी अशीच नोटीस आली. मी त्याला ६० पौंड भरायला लावले आणि ते त्याच्याच पगारातून. वसुलीवाल्यांची वागणूक वाईट आहे हे मान्य, पण त्याने आपली जबाबदारी संपत नाही.

रेडिंगकर
मावशी, तुमच्या प्रश्नाने मीही दोन रात्री जागलो होतो. पोलिसांनी वेगाबद्दल विचारलं तर चालकाचं नाव सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. खाजगी कंपनीला सांगायचं असं बंधन नाही. बचावाच्या खाली सही असते ती सत्याच्या विधानावर. तिथे खोटं लिहिणं म्हणजे कोर्टाची बेअदबी. "मी चालवत नव्हतो" हे मी लिहिलं कारण ते खरं होतं. मी स्वतः चालवत असतो तर हा मुद्दा काढलाच नसता, फक्त पाटीवर आणि ७० पौंडांवर भांडलो असतो. इंटरनेटवरून आयता बचाव उचलून, स्वतः चाकामागे असताना "चालक कोण ते सिद्ध करा" लिहिणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या बाजूने मी बोलणार नाही.

हॅरोची मावशी
हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. पण तुमच्या बायकोच्या जागी मी असते तर नवऱ्याच्या नावाने आलेली नोटीस माझ्या नावावर फिरवून घेतली असती. त्यावर मी ठाम आहे.

वुल्व्हरहॅम्प्टनकर
तुम्ही भरायचं की लढायचं यावर बोलताय. मी तिसराच मार्ग धरला होता, दुर्लक्ष करायचा, आणि त्याची किंमत मोजली. पूर्वी सगळे सांगायचे, कागद टोपलीत टाका. मी टाकले. मग घर बदललं. लायसन्सवरचा पत्ता बदलला, पण गाडीच्या लॉगबुकावरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, बदलायचा राहिला. दावा जुन्या पत्त्यावर गेला, माझ्याविरुद्ध परस्पर निकाल लागला. मला कळलं ते गृहकर्ज नाकारलं गेलं तेव्हा. सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा असा पैशांचा निकाल, महिन्याच्या आत भरला तर नोंद पुसली जाते, नाही तर ६ वर्षं राहते. निकाल रद्द करून घ्यायच्या अर्जालाच आता ३०० पौंडांच्या वर फी आहे. पसंत केलेलं घर दुसऱ्याने घेतलं. बायको अजूनही त्या रस्त्याने जाताना गप्प होते. भरा किंवा लढा, पण कोर्टाचं पाकीट उघडा.

नवा कॉव्हेंट्रीकर
मी सात महिन्यांपूर्वी नाशिकहून नोकरीसाठी आलो. कालच असा दावा आलाय, २६० च्या आसपास. पाकिटावर कोर्टाचं नाव बघून हातपाय गार पडले. आपल्याकडे म्हणतात ना, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ऑफिसातला सीनियर म्हणतो, परक्या देशात आहेस, भर आणि विसर. जिममध्ये सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलो होतो. नोटिशीत मात्र सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, दिवसभर सलग असं दाखवलंय.

लेस्टरकर
मी कंपन्यांच्या बाजूने बोलतोय असं वाटेल, पण हे तुम्ही अजिबात भरू नका. कॅमेऱ्याने मधलं जाणं-येणं टिपलं नाही की असं होतं. जिमच्या दाराची नोंद, ऑफिसच्या कार्डाची नोंद, दुपारी दुसरीकडे गाडी होती याचा कुठलाही पुरावा जमवा. माझ्याच दुकानाबाहेर असं झालं तेव्हा मी कंपनीला पत्र लिहून नोटीस रद्द करवली. जिमच्या मॅनेजरलाही आजच भेटा.

रेडिंगकर
आणि घाबरू नका. हा गुन्हा नाही, दिवाणी दावा आहे, रस्त्यावरच्या वादासारखाच, फक्त कागदावर. दाव्यावर कोणती तारीख आहे? ३ मार्च असेल तर तो ८ मार्चला बजावला गेला असं धरतात. तिथून १४ दिवसांत, म्हणजे २२ मार्चपर्यंत, दावा मिळाल्याची पोच कोर्टाला द्यायची आणि त्यात बचावाच्या चौकटीत काहीही लिहायचं नाही. पोच दिली की बचावाला एकूण २८ दिवस, ५ एप्रिलपर्यंत. कंपनीकडून तुमची सगळी माहिती मागवा, सगळे फोटो धरून. ते फुकट असतं आणि महिन्यात द्यावं लागतं. दाव्यात नुसतं "अटींचा भंग" लिहिलं असेल, कोणती अट आणि कसा ते नसेल, तर तोही मुद्दा घ्या. २०२३ मध्ये ल्यूटनला अपिलात अशाच मोघम दाव्याविरुद्ध निकाल गेला.

पुढे तासाभराची मोफत फोनवरची मध्यस्थी असते, ती आता टाळता येत नाही. मला तिथे "निम्मे भरा" म्हटलं गेलं. मी नाही म्हटलं. सुनावणी लागलीच तर मोठ्या टेबलाभोवती बसून असते, काळे डगले नसतात. हरलात तरी छोट्या दाव्यांत समोरच्या वकिलाची मोठी फी सहसा अंगावर पडत नाही.

वुल्व्हरहॅम्प्टनकर
आणि लॉगबुकावरचा पत्ता आज रात्रीच तपास.

नवा कॉव्हेंट्रीकर
दाव्यावर ४ तारीख आहे, म्हणजे ९, मग २३. जिमच्या ॲपमध्ये दोन्ही वेळा दिसतायत, सकाळी ७:१२ आणि संध्याकाळी ६:०५. स्क्रीनशॉट घेतलेत. पोच आत्ताच भरायला बसतोय.