मदत हवी आहे: गृहपाठाला बसवलं की रडतो

घणसोलीकर_बाबा:
रोज रात्री तेच. वही उघडली की याचं तोंड पडतं आणि थोड्या वेळात रडारड सुरू. शाळेतून वहीवर शेरा येतो, "घरी सराव घ्यावा". अजून किती घ्यायचा? घरी पोचायलाच आठ वाजतात, मग जेवण, मग हे. बायकोची शिफ्ट असते, त्यामुळे बहुतेक वेळा मीच बसतो. सोमवारी चाचणी आहे. क्लास लावा असं कृपया सांगू नका, चौकशी करून झाली, वेळ जमत नाही. लगेच करता येईल असं काहीतरी सांगा.

वाशी_सेक्टर१७:
कितवीत आहे? विषय कोणता? माध्यम? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

नौपाड्याची_मावशी:
आठनंतर अभ्यास घ्यायचाच नाही. पोर पेंगुळलेलं असतं, तुम्ही दमलेले. शाळेतून आला, खाणं झालं, खाली जाऊन खेळून आला की लगेच बसवायचं. माझ्या दोघांचं असंच केलं.

घणसोलीकर_बाबा:
मावशी, त्या वेळेला मी वागळे इस्टेटमध्ये असतो. दुसरीत आहे, सेमी. विषय गणित, दुसरा कुठला असणार?

खारीगाव_पालक:
दुसरीला गृहपाठ द्यायचाच नाही! केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट शिफारस आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर २ तास. मद्रास उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये पहिली-दुसरीला गृहपाठ नको असं म्हटलं होतं. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. आपण पालकच गप्प बसतो, म्हणून शाळा देत राहतात.

वाशी_सेक्टर१७:
ती शिफारस आहे. पत्र जरूर द्यावं, पण त्याने सोमवारची चाचणी टळणार आहे का? माणूस काय विचारतोय ते बघा.

खारीगाव_पालक:
सात वर्षांचं पोर रोज रात्री रडतंय, हा प्रश्न चाचणीपेक्षा मोठा आहे. आणि त्याच धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नको असंही आहे. घणसोलीकर, दप्तर एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.

माजिवडा_आई:
अबॅकस लावा. माझी मुलगी गणिताला घाबरायची, आता आकडेमोड तोंडी करते. ऑनलाइन वर्ग असतात, वेळेचा प्रश्नच नाही.

वाशी_सेक्टर१७:
अबॅकसने वेग येतो. दशक म्हणजे काय हेच कळलं नसेल तर वेगाचा उपयोग काय?

माजिवडा_आई:
माझ्या मुलीला दशक अबॅकसवरच कळला. स्वतः बघितल्याशिवाय बोलू नये.

निवृत्त_शिक्षिका_ठाणे:
घणसोलीकर, त्याची चुकलेली तीन-चार गणितं इथे जशीच्या तशी लिहा. बरोबर उत्तर नको, त्याने लिहिलेलं हवं. बरोबर आलेलं असेल तर तेही एखादं लिहा.

घणसोलीकर_बाबा:
५२ − २७ = १५
८१ − ४६ = २५
६३ − ३५ = १८
४८ − २३ = २५ हे बरोबर आहे. हातच्याची वजाबाकी आली की चुकतंच. लक्ष नाही, दुसरं काय.

निवृत्त_शिक्षिका_ठाणे:
लक्ष आहे त्याचं. तिन्ही उत्तरं नेमकी १० ने कमी आहेत. लक्ष नसलेलं मूल दर वेळी वेगळं चुकतं. दुपारी त्याला गणित कोण शिकवतं?

घणसोलीकर_बाबा:
माझी आई बसते घेऊन. तिचं गणित पक्कं आहे, आम्हा भावंडांना तिनेच शिकवलं.

निवृत्त_शिक्षिका_ठाणे:
मग तेच. आजी शिकवतात ती जुनी पद्धत: ५२ − २७ मध्ये २ चे १२ करायचे, १२ मधून ७ गेले ५. हातचा १ खालच्या २ मध्ये मिळवायचा, झाले ३. ५ मधून ३ गेले २. उत्तर २५. शाळेत वरचा एक दशक सुटा करतात: ५ चे ४ होतात, ४ मधून २ गेले २. उत्तर तेच. तुमचा मुलगा दोन्ही करतो. वर ५ चे ४ केले आणि खाली २ चे ३ केले, ४ मधून ३ गेले १. म्हणून १५. दुपारी आजी सांगतात ते त्याने ऐकलं, सकाळी बाई सांगतात तेही ऐकलं, आणि दोघींचं ऐकून लाल फुली मिळते. रडणार नाही तर काय करेल?
चाचणीपर्यंत फक्त शाळेची पद्धत ठेवा. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या रबरबँडने बांधा. पाच जुड्या, दोन सुट्या. "सत्तावीस दे" म्हणा. जुडी त्याला स्वतःला सोडू द्या, मगच वहीत ५ वर काट मारून ४ लिहायला सांगा. रात्री तीनच गणितं. पानभर नको. आणि डायरीत वर्गाच्या बाईंना दोन ओळी लिहा की चूक नेमकी काय होते आहे.

कळवा_इंजिनिअर:
आजींची पद्धत खरं तर सरस आहे. ५०० − २३७ करून बघा, शून्यांवरून दशक-शतक ओढत आणावे लागत नाहीत. दोन्ही संख्यांत सारखेच १० मिळवले तर फरक बदलत नाही, इतकं साधं तर्कशास्त्र आहे. तीच शिकवा.

निवृत्त_शिक्षिका_ठाणे:
तर्क बरोबर आहे, पण दुसरीच्या मुलाला तो हातात धरून दाखवता येत नाही. जुडी सोडलेली दिसते. चौथीत आजींकडून जरूर शिकू दे.

नौपाड्याची_मावशी:
आजीला मात्र "तू शिकवू नकोस" म्हणू नका हो. मनाला लागतं. आणि त्याला ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा कधीतरी, १८९३ चं आहे. वाचनाची गोडी लागली की अभ्यास आपोआप सुधारतो.

घणसोलीकर_बाबा:
काड्या केल्या. आईला वहीतलं उदाहरण दाखवलं, तिने स्वतः शाळेच्या पद्धतीने करून बघितलं आणि म्हणाली, दुपारी मीच घेते काड्यांवर. ५२ − २७ आता बरोबर येतंय, आजीला समजावूनही सांगतो. पण ७० − ३४ ला अडला, ४४ लिहिलं. बाई, हे काय आहे?

निवृत्त_शिक्षिका_ठाणे:
शून्यातून ४ जात नाहीत म्हणून त्याने उलटं केलं, ४ मधून ० घालवला. हे बहुतेक मुलं करतात. सात जुड्या ठेवा, सुटी एकही नाही, आणि चार सुट्या मागा. तो "नाहीत" म्हणेल. तिथे थांबा, उत्तर सांगू नका, जुडीकडे त्याचाच हात जाऊ दे. उद्या ७० − ३४, ४० − १८ आणि मध्ये एक बिनहातच्याचं घ्या, म्हणजे सगळीकडेच जुडी सोडायची सवय लागणार नाही.