पीएच.डी.चे पहिले वर्ष, खान्देशातला उन्हाळा आणि प्रयोगशाळेतला दिवस

प्रश्न : कांदेबाग_रावेर

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी जळगावात पीएच.डी.साठी प्रवेश घेतला आहे. केळीच्या पानांवर पडणारा करपा, म्हणजे सिगाटोका, ज्या बुरशीमुळे होतो तिचे नमुने रावेर-यावल पट्ट्यातून गोळा करून त्यांच्यातला फरक तपासणे हा माझा विषय आहे. कोर्सवर्क संपत आले असून आता पूर्ण वेळ प्रयोगशाळेतच जाणार आहे, आणि नेमका त्याच वेळी उन्हाळा तोंडावर आला आहे.

अडचण अशी की ही बुरशी फार सावकाश वाढते. २५-२६ अंश तापमान सलग मिळाले, तरी महिन्याभरात तिची वसाहत जेमतेम एक-दोन सेंटीमीटरची होते, आणि तेवढ्या काळात एकदा जरी इनक्युबेटर (ठरलेले तापमान राखणारी पेटी) बिघडला किंवा वीज गेली, तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) लावला की खोलीत उभे राहवत नाही, आणि प्लेटांत ओतलेले, बुरशी वाढवायचे माध्यम बराच वेळ पातळच राहते. रात्री काम करावे म्हटले तर वसतिगृहाच्या वेळा आड येतात. माझ्यासोबतच्या काही जणांचे म्हणणे असे की मे महिना सोडूनच द्यावा आणि गावी जावे. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. खान्देशात राहून विज्ञानात संशोधन करणाऱ्या किंवा केलेल्या मंडळींनी आपला रोजचा दिवस आणि एकूण वर्ष कसे लावले, हे सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.

उत्तर १ : रसायन_अमळनेर

ताई, मी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. माझा विषय वेगळा असला, तरी उन्हाळ्याचा त्रास तोच आहे, किंबहुना आमच्याकडे तो धोक्याचाही आहे. आमच्या नेहमीच्या द्रावकांपैकी डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळते आणि डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी आमच्या खोलीचे तापमानच ईथरला उकळवायला पुरेसे असते. बाटलीचे झाकण उघडताना आत दाब साठलेला असतो, आणि ईथरची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावरून खाली उतरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून आमच्या गटात मार्चच्या अखेरीपासून एक शिस्त आहे : ईथर आणि डायक्लोरोमिथेन लागणारे काम सकाळी अकराच्या आत संपवायचे, आणि तेही वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखालीच करायचे. मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्यासाठी डायक्लोरोमिथेनवर लावलेला सिलिकाचा कॉलम (सिलिका भरलेली काचेची नळी) दुपारी चालवला तर आत बुडबुडे धरतात, सिलिकेला भेगा पडतात आणि वेगळे होत आलेले पदार्थ पुन्हा एकमेकांत मिसळतात. ज्या कॉलमला पेट्रोलियम ईथरचा ६०-८० अंशांना उकळणारा भाग आणि एथिल ॲसिटेट चालते, तेवढे कॉलम आम्ही उन्हाळ्यासाठी राखून ठेवतो.

द्रावक उडवून वेगळा काढणाऱ्या रोटाव्हेपरची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. त्याच्या कंडेन्सरमधून नळाचे पाणी सोडायची पद्धत असते, पण आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. अशा पाण्याने हलका द्रावक थंड होऊन खाली जमत नाही, तो सरळ पंपातून बाहेर जातो. पाणी थंड करणारा चिलर असला तर प्रश्न नाही. नसेल तर प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत बर्फाचे पाणी घ्यायचे, त्यात कूलरमध्ये असते तशी पाण्यात बुडणारी छोटी मोटर सोडायची आणि तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवत ठेवायचे. मोटर दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि नळाचे पाणीही वाया जात नाही, जे उन्हाळ्यात आपल्या भागात काही लहान गोष्ट नव्हे.

माझा दिवस साडेसहाला सुरू होतो. अकरा-साडेअकरापर्यंत अभिक्रिया, कॉलम आणि द्रावकांचे काम. दुपारी जेवण झाल्यावर चार वाजेपर्यंत ग्रंथालयात वाचन, स्पेक्ट्रमचा अर्थ लावणे आणि लेखन. संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळेत येऊन टीएलसी (अभिक्रिया कुठवर आली हे पातळ थराच्या पट्टीवर तपासणे) पाहणे, दुसऱ्या दिवसाची काचेची भांडी धुऊन ओव्हनमध्ये वाळत टाकणे. हिवाळ्यात मात्र मी हे उलटे करतो आणि लांबलचक प्रयोग दुपारीच घेतो. वर्षभर एकच वेळापत्रक चालवण्याचा हट्ट आपल्या हवामानात चालत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : सातपुड्याची_ताई

कांदेबाग ताई, मीही बुरशीवरच काम केले आहे आणि तेही नंदुरबारच्या भागातल्या नमुन्यांवर, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी प्लेटांचे. माध्यम घट्ट करणारे अगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठते, त्यामुळे ऑटोक्लेव्ह चालू असलेल्या बंद खोलीत ते पातळ राहणारच. यात माध्यमाचा दोष नाही. बटाट्याचे माध्यम (लिटरला २०० ग्रॅम बटाटा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५-२० ग्रॅम अगर) आदल्या संध्याकाळी १२१ अंशांवर निर्जंतुक करून बाटल्यांत ठेवावे आणि पहाटे वितळवून प्लेटा ओताव्यात. पहाटे सहा-सातला खोली बरीच निवळलेली असते आणि हवेत धूळही कमी असते. लॅमिनार फ्लोचा (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटाचा) पंखा आधी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवायला विसरू नका. आणि कितीही उकडले तरी त्या खोलीत कूलर लावू देऊ नका. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमध्ये बुरशी सुखाने वाढते, आणि कूलर तिचे बीजाणू थेट तुमच्या प्लेटांवर आणून टाकतो. तुमची बुरशी महिन्याभरात एक सेंटीमीटर वाढणार, आणि ॲस्परजिलस ही भराभर वाढणारी बुरशी काही दिवसांतच सगळी प्लेट व्यापणार. या शर्यतीत तुमची बुरशी कधीच जिंकत नाही.

इनक्युबेटर साधा असेल तर तो फक्त तापवू शकतो. खोलीच्या तापमानापेक्षा खाली आणण्याचे काम त्याच्याकडून होत नाही, म्हणून तुम्हाला थंड करणारा बीओडी इनक्युबेटरच हवा. त्याच्या आत कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरवा. दारावरचा आकडा वीज परत आल्यावर २५ दाखवतो, पण मधल्या चार तासांत आत काय झाले हे तो सांगत नाही. वीज गेल्यावर इनक्युबेटर आणि डीप फ्रीजर उघडू नयेत. फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तर तिथे पाण्याने भरलेल्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, त्यामुळे थंडी जास्त वेळ टिकते.

यापेक्षाही महत्त्वाचे सांगायचे तर कुठलीही बुरशी एकाच ठिकाणी ठेवू नका. ग्लिसरॉलमधली प्रत उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये असली, तरी दुसरी प्रत निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात बुरशीचे छोटे तुकडे टाकून, झाकण घट्ट लावून, दुसऱ्या विभागातल्या साध्या फ्रीजमध्ये ठेवा. ही पद्धत जुनी आणि अगदी स्वस्त आहे, आणि बऱ्याच बुरशा अशा पाण्यात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. ओळख पक्की झालेल्या महत्त्वाच्या बुरशा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करता येतात. पुढे शोधनिबंध पाठवताना त्यांचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडतो.

आता वर्षाची आखणी. करपा जोर धरतो तो पावसाळ्यात आणि पुढे हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणून जुलै ते डिसेंबर हे तुमचे शेतातले महिने समजा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) या केळीच्या दोन्ही लागवडींमधून नमुने घ्या, कारण एकाच महिन्यात दोन्हींच्या झाडांचे वय वेगळे असते. पान प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले की घाम धरते आणि नको त्या बुरशा त्यावर माजतात, म्हणून कागदी पाकिटे वापरा. पाकिटावर गाव, वाण, लागवडीचा महिना आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली हे तिथल्या तिथे, बांधावर उभे राहूनच लिहा. शेतकऱ्याने आठ दिवसांपूर्वी प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मारलेले असेल, तर त्या पानावरून काही उगवले नाही याचा अर्थ अगदी वेगळा होतो. मग एप्रिल-मे मध्ये साठवलेल्या बुरशांमधून डीएनए काढणे, मोजमापे, आकडेवारी आणि लेखन. एवढे केले की मे महिना रिकामा जात नाही. एन्झाइमची मागणी त्या दिवसांत आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवायला सांगा, नाहीतर पार्सल शनिवार-रविवार एखाद्या गोदामात तापत पडते.

वसतिगृहाबद्दल : मार्गदर्शक आणि विभागप्रमुख यांच्या सहीचे पत्र, त्यात नेमक्या तारखा आणि नेमकी वेळ, आणि सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीचे नाव, असे दिले तर बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. तरीही माझा सल्ला पहाटेचाच आहे. रात्री दोन वाजता थकलेल्या हातांनी केलेल्या संवर्धनात दूषितीकरण जास्त होते, हे मी पुष्कळ जणींच्या बाबतीत पाहिले आहे.

उत्तर ३ : निवृत्त_प्राध्यापक_धुळे

कांदेबाग, तुझा प्रश्न वाचून बरे वाटले. मी भौतिकशास्त्र शिकवत असे. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले, त्याआधी खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलांना बहुधा घर सोडावेच लागे. आता मुलगी रावेरच्या केळीवर जळगावात राहून काम करते, ही साधी गोष्ट नाही.

वरच्या दोघांनी प्रयोगशाळेबद्दल उत्तम सांगितले आहे. मी वहीबद्दल सांगतो. प्रयोगवही त्याच दिवशी, शाईने, तारखेसह लिहावी आणि फसलेला प्रयोगही पूर्ण लिहावा. मार्गदर्शकांना भेटायला जाताना तोंडी सांगण्यापेक्षा एक पान लिहून न्यावे : या आठवड्यात काय केले, काय मिळाले, काय अडले, पुढे काय करणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे असतात, आणि प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही एकेक पाने जमत गेली की समितीचा अहवाल वेगळा लिहावा लागत नाही, आणि प्रबंधाचा ‘साहित्य व पद्धती’ हा भाग जवळजवळ तयारच असतो.

जे उपकरण आपल्याकडे नाही, त्याच्यासाठी अडून बसू नये. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या प्रगत उपकरण केंद्रांमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देतात, आणि देशभरातली उपकरणे शोधून वेळ आरक्षित करण्यासाठी केंद्र सरकारचे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ आहे. रांग लांब असते, म्हणून नमुना तयार होण्याची वाट न पाहता आधीच चौकशी करावी.

कांदेबाग_रावेर

दादा, ताई, सर, तिघांचे मनापासून आभार. दुसऱ्या विभागातल्या फ्रीजसाठी मी उद्याच विचारते. आणखी एक विचारायचे राहिले. घरी वडिलांची केळीची बाग आहे. घरची मंडळी अडवत नाहीत, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले की प्रत्येक जण विचारतो की एम.एस्सी. झाली तरी अजून शिक्षणच का चालले आहे आणि नोकरी कधी लागणार. माझी फेलोशिपही वेळेवर येत नाही, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देताना मला अवघड जाते. तुम्ही हे कसे निभावले?

उत्तर ४ : सातपुड्याची_ताई

पैशांचे आधी सांगते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत आणि एसआरएफ (ज्येष्ठ पाठ्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००. तुमचे वय आणि पात्रता बसत असेल तर पीएच.डी. चालू असतानाही ही परीक्षा द्या. पाठ्यवृत्ती कुठलीही असो, ती दर महिन्याच्या एक तारखेला येणार असे धरून घरभाडे किंवा हप्ता ठरवू नका. थकबाकी एकदम जमा झाली की तिच्यातून सहा महिन्यांची खानावळ बाजूला काढून ठेवावी, हाच मार्ग मला टिकाऊ वाटला. हजेरी आणि दाव्याच्या अर्जांच्या छायाप्रती, पोच घेऊन, एका फाइलमध्ये ठेवा. विचारणा करायला जाल तेव्हा तारखेनिशी बोलता आले पाहिजे.

घरच्यांच्या बाबतीत तुमच्याकडे जी सोय आहे ती रसायनवाल्या दादांकडे नाही. तुमचा विषय तुमच्या वडिलांच्या बागेत उभा आहे. पुढच्या पावसाळ्यात नमुने घ्यायला जाल तेव्हा वडिलांना आणि काकांना बरोबर न्या. पानावरची अगदी पहिली पिवळसर रेघ आणि नंतरचा राखाडी मध्य असलेला ठिपका त्यांनी आयुष्यभर पाहिलेला असतो. तोच ठिपका भिंगाखाली दाखवा, आणि कोणत्या शेतात तो आधी येतो, कोणत्या फवारणीनंतर थांबत नाही, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. औषधाला न जुमानणारी बुरशी आपल्या पट्ट्यात आहे का, हा प्रश्न तुमच्या प्रबंधाला जितका लागू आहे तितकाच त्यांच्या पुढच्या हंगामाच्या खर्चालाही. फवारणीच्या नोंदी असलेल्या बागा तुम्हाला तशाही हव्याच आहेत, आणि वडिलांच्या शब्दावर गावातल्या आणखी पाच-सहा बागा सहज मिळतील.

नोकरीच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत असे : अमुक वर्षी प्रबंध जमा होणार, त्यानंतर सहायक प्राध्यापक, संशोधन संस्था किंवा टिश्यू कल्चरच्या कंपन्या असे तीन रस्ते आहेत, आणि तोपर्यंत माझा खर्च मी भागवते. तारीख सांगितली की लोक पुन्हा पुन्हा विचारत नाहीत. आखाजीला घरी मात्र जरूर जा, चार दिवस राहा. जाण्यापूर्वी प्लेटांच्या कडा बंद करणारी पॅराफिल्मची पट्टी लावून घ्या आणि तापमानाची वही कोण भरणार ते आधी ठरवून ठेवा.

उत्तर ५ : रसायन_अमळनेर

वहीसाठी एक सुचवतो. आमच्या मजल्यावर तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी सुट्ट्यांमधल्या पाळ्या वाटून घेतल्या आहेत. जो हजर असेल तो सर्वांच्या फ्रीजर-इनक्युबेटरचे आकडे लिहितो आणि वीज गेली तर फोन करतो. तुमच्याकडे अशी पद्धत नसेल तर या आठवड्यातच सुरू करा, एप्रिल लागल्यावर प्रत्येक जण आपापल्या कामात गुंततो. पाळीचा तक्ता आणि फोन क्रमांक फ्रीजरच्या दारावरच चिकटवा.