मदत हवी आहे: सबमास्टर खाली ओढला, डिस्प्लेवर ०, तरी दिवे चालूच

दिवेलागण:

मंडळी, लाईटचं कन्सोल पहिल्यांदाच एकटा चालवतोय. प्रयोग चार दिवसांवर आलाय आणि कालच्या तालमीत माझी पार फजिती झाली.

कन्सोलवर १२ फेडर (वर-खाली सरकणारे दांडे) आहेत, मोटर नसलेले. पेज दोन, म्हणजे त्याच फेडरवर एकूण २४ सबमास्टर, थोडक्यात सब (एका फेडरवर साठवलेला दिव्यांचा गट). प्रत्येक फेडरच्या वर छोटा डिस्प्ले आहे, त्यात सबचं नाव आणि एक आकडा दिसतो. या आकड्यानेच घोळ केलाय.

सब ४ ला मी 'खिडकी' नाव दिलंय. चॅनेल (कन्सोलवरचा दिव्याचा नंबर) ११ ला ६० टक्के आणि चॅनेल १२ ला ४० देऊन तो रेकॉर्ड केला. फेडर पूर्ण वर नेला की डिस्प्ले १०० म्हणतो, पण मोठ्या स्क्रीनवर चॅनेल ६० आणि ४० वरच दिसतात. खरं कुणाचं मानायचं?

त्याहून विचित्र म्हणजे क्यू ७ (क्यू म्हणजे प्रसंगासाठी साठवलेली प्रकाशरचना) चालू असताना हाच फेडर अर्धमेला होतो. पूर्ण खाली ओढला, डिस्प्लेवर ० आलं, तरी खिडकी अर्धवट उजळलेलीच. वर नेताना पाऊण अंतरापर्यंत काहीही होत नाही, मग शेवटच्या टप्प्यात एकदम जीव येतो.

आणि ब्लॅकआउट! क्यू ८ ला पूर्ण अंधार हवा, अंधारात एक नट खुर्ची उचलून आत जातो. काल मागचा सायक (रंगमंचामागचा, दिव्यांनी उजळणारा पडदा) निळाच राहिला आणि खुर्चीसकट त्याची सावली सगळ्यांनी पाहिली. सायकचा सब दुसऱ्या पेजवर आहे. घाईने त्या पेजवर गेलो तर डिस्प्लेवर ८० लुकलुकत होतं आणि फेडर मात्र तळाशी. आधीच खाली असलेला फेडर आणखी खाली कसा ओढणार?

विंगेतला:

फेडरमध्ये धूळ गेली असेल. जुन्या कन्सोलवर हमखास होतं. उघडून साफ करून घ्या.

जुनाडिमर:

थांबा, स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. दिवेलागण, एक सांगा. तो पाऊण अंतराचा मेलेला टप्पा चालू असताना डिस्प्लेवरचा आकडा काय करतो? ० वरून सरळ १०० पर्यंत चढतो, की तोही अडकतो, उड्या मारतो?

दिवेलागण:

आकडा अगदी गुळगुळीत चढतो. दिवेच ढिम्म.

जुनाडिमर:

मग फेडर धडधाकट आहे. त्याची जागा कन्सोलला बरोबर कळतेय. घाण असती तर आकडाही थरथरला असता. प्रश्न पुढे कुठेतरी आहे.

आधी पहिली शंका. फेडरवरचा आकडा फेडरचा असतो, दिव्याचा नव्हे. तुम्ही सबमध्ये ६० आणि ४० साठवलेत. फेडर १०० म्हणजे 'जे साठवलंय ते सगळं द्या'. फेडर ५० वर आणलात तर चॅनेल ३० आणि २० होतील. दोघांमधलं प्रमाण तेच राहतं, सबमास्टरचा उपयोगच तो. तेव्हा दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. दिव्याला काय मिळतंय ते पाहायचं तर मोठ्या स्क्रीनकडेच पाहा. (तिथेही ५० म्हणजे डोळ्याला निम्मा उजेड असं नाही. ते डिमरच्या (दिव्याची वीज कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) कर्व्हवर ठरतं, पण त्यात आत्ता शिरू नका.)

दुसरी शंका. ब्राइटनेसच्या बाबतीत क्यू आणि सब यांच्यात बहुतेक कन्सोलांवर एचटीपी चालतं, म्हणजे ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो. बेरीज होत नाही. क्यू ७ ब्लाइंडमध्ये (म्हणजे रंगमंचावरचे दिवे न बदलता) उघडा आणि ११ व १२ वर काय आहे ते इथे लिहा. माझा एक अंदाज आहे.

दिवेलागण:

पाहिलं. ११ वर ४५, १२ वर ३०. पण क्यू ७ मध्ये मी खिडकी ठेवलीच नव्हती! ती हाताने आणायची म्हणून तर वेगळा सब केला.

जुनाडिमर:

तुम्ही नाही ठेवलीत, ती आपोआप शिरली. ६० चे पाऊण किती? ४५. ४० चे पाऊण? ३०. क्यू ७ रेकॉर्ड करताना तुमचा खिडकीचा फेडर ७५ वर होता. रेकॉर्ड दाबलं की त्या क्षणी रंगमंचावर जे दिसतंय ते क्यूमध्ये जातं, सबमधून आलेलंही. त्यामुळे फेडर ७५ च्या वर जाईपर्यंत क्यू जिंकतो. ० वर आणलात तरी ४५ आणि ३० क्यूने धरून ठेवलेत.

दिवेलागण:

अरे देवा. बरोबर. दिग्दर्शक म्हणाले होते, "खिडकी थोडी कमी कर", मी फेडर जरा खाली घेतला आणि त्याच दमात क्यू रेकॉर्ड केला.

सायकवाली:

हे सगळ्यांचं होतं, माझं दोनदा झालंय. रेकॉर्ड करण्याआधी सगळे सब खाली, ही सवयच लावून घ्या. काही कन्सोलांवर सबला एक्सक्लुझिव्ह करता येतं, मग त्याचा उजेड क्यूमध्ये नोंदलाच जात नाही. तुमच्या सेटिंगमध्ये आहे का बघा. तुमच्या खिडकीला तेच हवंय.

आता तुमची सावली. पेज बदललं म्हणून मागच्या पेजवरचा सब बंद होत नाही, तो ८० वर तसाच चालू राहतो. क्यू ८ सायकला ० म्हणतो, सब ८० म्हणतो, पुन्हा मोठा जिंकला. मधल्या काळात तोच फेडर तुम्ही पहिल्या पेजवर कशासाठी तरी खाली आणलात. मोटर नसल्याने तो आपोआप ८० वर जाणार नाही. लुकलुकणारा आकडा सांगतोय, 'माझी जागा आणि तुझा हात जुळत नाहीत.'

फेडर वर न्या, ८० ओलांडला की कन्सोल तो पकडेल आणि लुकलुकणं थांबेल. मग खाली आणा. दिवा उडी मारू नये म्हणून ही सोय असते, पण ऐन ब्लॅकआउटला ती जीव घेते. म्हणून सायकसारखा सब दुसऱ्या पेजवर ठेवूच नका, १ ते १२ मध्येच आणा. आणि सगळ्या सबांची यादी दाखवणारी स्क्रीन असेल तर तालमीत ती उघडी ठेवा. फेडरवरचे डिस्प्ले फक्त समोरचं पेज दाखवतात, दुसऱ्या पेजवर काय जळतंय ते तिथे दिसत नाही. फेडरखाली चिकटपट्टीवर नावं लिहिली असतील तर तीही काढा. पेज बदललं की ती पट्टी खोटं बोलते.

विंगेतला:

धुळीचं मागे घेतो. पण ग्रँडमास्टर (सगळे दिवे एकत्र कमी करणारा फेडर) खाली ओढला असता तर सायक गेला असता ना?

सायकवाली:

गेला असता, तो सगळ्यांच्या वर बसतो. पण क्यू ९ आला की ग्रँडमास्टर परत वर न्यायची आठवण राहायला हवी. मी एकदा विसरले होते. पूर्ण अंधारात संवाद सुरू झाले.

दिवेलागण:

क्यू ७ मधून ११ आणि १२ काढून परत साठवला. आता फेडर हलताक्षणी खिडकी उजळते, आणि ० वर खरोखर जाते. सायक सब ९ वर आणला. एक राहिलं. ट्रॅकिंग चालू आहे (चॅनेलला नवा आकडा मिळेपर्यंत जुनाच पुढच्या क्यूंत चालू राहतो), मग ते ४५ आणि ३० क्यू ७ च्या पुढेही गेले असतील का?

जुनाडिमर:

ब्लॅकआउटच्या क्यू ८ मध्ये ११ आणि १२ ला ० स्वतंत्र नोंदलेलं असेल तर तिथेच तुटले. ब्लाइंडमध्ये ८ उघडून पाहा. नसेल, तर पुढे या दोन चॅनेलना दुसरा आकडा मिळतो तिथवर एकेक क्यू तपासा. आणि हो, तपासताना खिडकीचा फेडर खाली ठेवा.